पहिल्या फेरीचं पान

माझ्या भाचीची सरकारी नर्सिंगची जागा मी घालवली. वेबसाइटनं घालवली नाही, नशिबानं नाही, की केनवड गावच्या रेंजनंही नाही. घरात मात्र ती पोरीच्या बेफिकिरीनं गेली असंच आजही बोललं जातं, आणि दोन वर्षं मी ते मुकाट ऐकून घेतलं आहे. लिहून काही परत येणार नाही हे मला कळतं. तरी कुठेतरी ते जसं झालं तसं असायला हवं.

मी वाशीमला एका कार्यालयात लिपिक आहे. आमच्या साहेबांना पत्ता टाइप करायचा भारी कंटाळा. कुठल्याही वेबसाइटचं नाव तोंडी सांगणार आणि ‘हे स्क्रीनवर आणून ठेवा’ म्हणणार. त्यांच्या संगणकावर, टॅबवर आणि दोन्ही फोनवर मी अशा चिन्हांच्या, म्हणजे दाबलं की थेट वेबसाइट उघडणाऱ्या आयकॉनच्या, रांगा लावून दिल्या. संगणकावर पत्ता माउसनं धरून ओढायचा आणि रिकाम्या जागेत सोडायचा. फोनवर वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबायचे, ‘होम स्क्रीनवर जोडा’ निवडायचं, हवं ते नाव द्यायचं, झालं. एवढीशी करामत. पण साहेब एकदा चारचौघांत ‘आमच्या मॅडम एक्स्पर्ट आहेत’ म्हणाले आणि मी हवेत गेले. वीस वर्षांच्या नोकरीत माझं कौतुक कुणी फारसं केलं नव्हतं, हेही खरं.

माहेरी तर माझा भाव आणखीच वधारला. आमच्या नातेवाइकांचे फोन कायम भरलेले. शुभ सकाळची फुलं, बारशाचे व्हिडिओ, कुणाच्या तरी वाढदिवसाचे बॅनर. त्यात नवीन ॲपला जागाच नसते आणि जुनं काही काढू म्हटलं की यांचा जीव जातो. मग मी वेबसाइटचं चिन्ह ठेवून द्यायची, त्याला जागा लागत नाही. ‘लाइट बिल’, ‘सातबारा’, ‘गॅस’ अशी सोपी नावं द्यायची. लग्नात, बारशात माणसं माझ्या मांडीवर फोन आणून ठेवत. एका तेरवीला तर मी पंगतीत बसून उजव्या हातानं जेवत डाव्या हातानं तिघांचे फोन नीट केले, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरोघर एक नियमच होऊन बसला होता, की बाईनं ठेवलेलं हलवायचं नाही. बाई म्हणजे मी. थोरली म्हणून सगळी धाकटी भावंडं मला बाईच म्हणतात. माझ्या चिन्हाला कुणी हात लावला तर त्याला बोलणी बसायची. मला ते आवडायचं.

केनवडला माझा सख्खा भाऊ राहतो. थोडी ओलिताची जमीन, त्यात वांगी, मेथी आणि सांबार लावतो. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. पुण्याची माणसं या शब्दाला हसतात, हसू देत. त्याला एकच मुलगी. बारावी झाली तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “आत्या, मले नर्स व्हाचं हाये. पण बाबाले तूच सांग. माह्यं थे आयकत नाईत.”

मी सांगितलं. भांडून सांगितलं. पोरीला परगावी ठेवायला त्याचं मन धजत नव्हतं. तो वाईट माणूस नाही, भित्रा आहे. शेवटी तो तयार झाला. मग म्हणाला, “तू म्हंते तं भरू दे फारम. पण पाह्यजो बाई, सारं तुह्या भरवशावर हाये.”

फॉर्म मीच भरला. पहिली यादी लागायची होती त्या दिवशी रजा टाकून केनवडला गेले. घरात रेंज धड येत नाही म्हणून आम्ही दोघी गच्चीवर जाऊन बसलो. यादी सापडेपर्यंत वेबसाइटवर सात ठिकाणी जावं लागलं. शेवटी सापडली. तिचं नाव प्रतीक्षेत होतं, वरून अकरावं. म्हणजे पुढच्या फेरीत आत येणार, मला तरी शंका नव्हती. पोरीला रोज एवढी यातायात नको म्हणून, ते पान समोर उघडं होतं तसंच, मी तीन ठिपके दाबले, चिन्ह जोडलं आणि त्याला ‘नर्सिंग’ असं नाव दिलं. पहिल्या रांगेत ठेवलं. तिला म्हणाले, “आता रोज संध्याकाळी हेच दाबजो. दुसरं कुठं जाऊ नको, घोटाळा होईन.”

मी काय केलं ते नीट सांगते. चिन्ह वेबसाइटचं होत नाही, जे पान त्या वेळी उघडं असतं त्या पानाचं होतं. दुसऱ्या फेरीची यादी वेगळ्या पानावर लागणार होती आणि आमचं चिन्ह पहिल्या फेरीच्या पानाला बांधलेलं. ते जन्मभर दाबलं तरी तेच उघडणार, नाव प्रतीक्षेत, अकरावं. साहेबांच्या फोनवर मी असं कधी केलं नाही. तिथे आधी वेबसाइटचं पहिलं पान उघडायची, दोनदा तपासायची आणि मगच चिन्ह करायची, कारण तिथे चुकले असते तर ऐकून घ्यावं लागलं असतं. घरच्या फोनवर कोण तपासतंय? घरच्यांना काय कळतंय, असं माझ्या मनात होतं. हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

पोरीनं मी सांगितलं तसंच केलं. रोज संध्याकाळी मेथी धुऊन झाली की हात पुसून गच्चीवर जायची आणि ते चिन्ह दाबायची. एक आठवडा गेला आणि तिचा मला फोन आला. दुपारची वेळ होती. साहेबांच्या टॅबवरची चिन्हं कशानं तरी गायब झाली होती आणि ते माझ्या टेबलाशेजारी उभे राहून सुस्कारे टाकत होते.

“आत्या, थे पान रोज तेच दाखवून राह्यलं,” ती म्हणाली. “अन् वर बारीक अक्षरात पहिली फेरी असं लिवलं हाये. दुसऱ्या फेरीचं पान अलग राह्यते का?”

तिनं नेमकं बोट ठेवलं होतं. माझ्या नजरेतून जे सुटलं ते अठरा वर्षांच्या पोरीनं गच्चीवर उभं राहून वाचलं होतं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “मी ठेवलं म्हंजे बरोबरच हाये. नवी यादी आली का थे आपोआप बदलते. तुले माह्यापेक्षा लय समजते का? कामात हाये मी, सारखी फोन करू नको.”

“बरं आत्या,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पान आपोआप बदलतं, हे मी कशाच्या जोरावर म्हणाले ते मला आजही सांगता येणार नाही. मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायची माझी सवयच मोडली होती. पुढे तिनं मला फोन केला नाही, कारण मीच करू नको म्हणाले होते.

बारा-तेरा दिवसांनी कार्यालयात जरा निवांत होतं, म्हणून मी संगणकावर ती वेबसाइट पहिल्या पानापासून उघडली. दुसरी यादी लागून गेली होती. त्यात माझ्या भाचीचं नाव होतं. कॉलेज मिळालेलं होतं. शेवटच्या रकान्यात ‘हजर नाही’ असं लिहिलेलं होतं, आणि हजर होण्याची मुदत तीन दिवसांपूर्वी संपलेली होती. मी ते पान बंद करून पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. कॉलेजला फोन लावला. तिकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, जागा पुढच्या मुलीला गेली, आम्ही मेसेज पाठवला होता. मेसेज गेला होता फॉर्मसाठी भावानंच दिलेल्या त्याच्या जुन्या नंबरवर, आणि तो रिचार्ज न केल्यामुळे उन्हाळ्यातच बंद पडला होता.

रविवारी केनवडची बस धरली. सगळा रस्ता मी एकच वाक्य घोकत होते. चूक माही हाये. तीन शब्दांचं वाक्य, आणि बसमध्ये ते म्हणायला अगदी सोपं वाटत होतं.

अंगणात भाऊ, भावजय आणि पोरगी दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी सांबाराच्या जुड्या बांधत बसले होते. मी बाजेवर बसले आणि जागा गेल्याचं सांगितलं. दुसरी यादी वेगळ्या पानावर लागली होती, आपण बघत होतो ते पान जुनं होतं, इथपर्यंत सांगितलं. पुढचं वाक्य यायच्या आत भावाचे हात थांबले. त्यानं मला काही विचारलं नाही. पोरीला विचारलं.

“तू रोज पाहे ना?”

“पाहो, बाबा.”

“मंग अलग पान हाये म्हून तुले दिसलं नाई का? समजत नव्हतं तं बाईले फोन काहून नाई केला? बाई कायले हाये?”

पोरीनं माझ्याकडे बघितलं, क्षणभरच. मग खाली बघून म्हणाली, “नाई केला. माह्या ध्यानातच नाई आलं.”

बोलायची वेळ तीच होती. मी पदर सारखा केला. भावजयीनं तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली. भाऊ माझ्याकडे वळला आणि माझंच सांत्वन करू लागला. “तू कायले मनाले लावून घेते, बाई? तू तं सारं नीट करून देल्लं होतं. आपल्याच लेकराले फिकीर नाई, तं तू तरी काय करशीन?” मेसेजचा नंबर तुझाच होता, हे त्याला कुणी म्हणालं नाही. मी म्हटलं असतं तर बोलता बोलता माझंही निघालं असतं, म्हणून मी मूग गिळून बसले.

निघताना ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. मी तिला विचारलं, “खोटं काहून बोलली व?”

ती चालता चालता म्हणाली, “खरं सांगतलं असतं तं बाबानं तुह्यं पुढं काईच आयकलं नसतं. पुढच्या साली माह्यासाठी तुलेच बोला लागीन ना, आत्या. माह्यं कोण आयकते?”

तिनं अंगणात त्या एका क्षणात एवढा विचार केला होता. मी तिचा हात धरला आणि पुढच्या साली तुला पाठवणारच, असा शब्द दिला. बस आली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. दुःख वगैरे नंतर झालं, आधी सुटल्यासारखंच वाटलं.

ते वर्ष तिनं वांगी तोडण्यात आणि आईबरोबर आठवडी बाजारात बसण्यात काढलं. भावानं फोन तिच्याकडून काढून घेतला. गोष्ट नात्यात पसरली ती अशी, की बाईनं सगळं करून दिलं आणि पोरीनं घालवलं. कुठे लग्नात भेटलं की माणसं माझ्यासमोरच तिला टोचून बोलायची आणि बोलता बोलता आपला फोन माझ्या हातात द्यायची. मी फोन घ्यायची. आता मात्र मी घरच्यांच्या फोनवरही आधी पहिलं पान उघडायची आणि दोनदा तपासायची. ती समोर असायची. मला एवढी काळजी घेताना तिनं किती वेळा बघितलं असेल कोण जाणे.

पुढच्या साली फॉर्म सुरू झाले त्याच आठवड्यात मी केनवडला गेले. शब्द दिला होता, तो पाळायलाच गेले होते. भावानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“नाई बाई. आता नाई. जिच्यानं एक पान पाहनं झालं नाई, थे दवाखान्यात माणसं काय पाहीन? उद्या कोनाचं औषध चुकलं तं? कोनाचा जीव गेला तं?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखर भीती वाटत होती, आणि त्याला जेवढं माहीत होतं तेवढंच मला माहीत असतं तर मलाही वाटली असती. मी म्हणाले, ती लहान होती. मी म्हणाले, एखाद्या वेळी होतं सगळ्यांच्या हातून. मी म्हणाले, एक डाव माफ कर तिला. बोलत असतानाच मला ऐकू येत होतं, की यातलं प्रत्येक वाक्य तिलाच दोषी धरून बोललेलं आहे.

भाऊ म्हणाला, “एक सांगू का बाई? तिनं तवा तुले एक फोन जरी केला असता ना, तं मी आज तिले पाठोलं असतं. इचारलं तरी, एवढं म्हनलो असतो.”

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. या वेळी नजर काढून घेतली नाही. भाऊही माझ्याच तोंडाकडे बघत होता.

मी तिला म्हणाले, “चहा ठेव व माय.”

ती आत गेली आणि तिनं चहा ठेवला.