रुख्माबाईची मोपेड उचलली त्या दिवशी

आमच्या तालुक्याच्या गावातला बाजारचौक म्हणजे जेमतेम शंभर पावलांचा तुकडा. गेल्या वर्षी चौकातल्याच सरकारी ऑफिसनं तिथे पांढरे पट्टे मारले, पार्किंगचा ठेका दिला आणि दुचाकी उचलून नेणारी एक गाडी आणली. पट्ट्यांच्या आत गाडी लावली तर वीस रुपये, बाहेर लावली तर पाचशे. आत सकाळपासून कोणाच्या गाड्या असतात? ऑफिसातल्या साहेबांच्या, ठेकेदाराच्या भावाच्या आणि आम्हा दुकानदारांच्या. खेड्यावरून आलेल्या माणसानं गाडी डोक्यावर घेऊन फिरावं की काय? डोक्यात तिडीक जाते नुसती.

मी चंद्रकुमार बिसेन. चौकात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पुढे पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये गिऱ्हाइकांसाठी दोन बाक. त्या बाकावर रुख्माबाई वलथरे गेली बारा वर्षं येऊन बसते. मासेमार ढिवराची लेक, वय पन्नाशीच्या आसपास, सातवी पास. गावातल्या अकरा बायांना घेऊन तिनं गट काढला आणि गावचा तलाव मासोळीसाठी त्याच ऑफिसकडून ठेक्यानं घेतला. गटाचे सगळे कागद माझ्याकडेच झेरॉक्स होतात. बाई बोलायला फटकळ, पण कागद ठेवायला अशी नेटकी की कोपराही दुमडलेला दिसायचा नाही.

तिचा बाप कावडीनं मासोळीचं बीज आणायचा. बीज म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं. मातीच्या दोन मडक्यांत ती घालून वीस-वीस मैल दुडक्या चालीनं चालायचा, कारण पाणी हललं तरच त्यात हवा मिसळते. विसाव्याला बसला तरी हातानं पाणी हलवत राहायचा. लहानपणी रुख्मा सोबत असायची. "बाप जेवे तवा मी हलवो," ती सांगायची. आता बीज प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून मिळतं, तोंड आवळून बांधलेलं. चाळिशीनंतर बाई मोपेड शिकली ती या पिशव्यांसाठीच.

श्रावणातला तो दिवस उघाडीचा होता. ऊन चटके देत होतं. पहाटे जाऊन तिनं तिरोड्याकडून दोन पिशव्या आणल्या, दोन हजार पिल्लं. अकरा घरांचं वर्षाचं मासोळीचं उत्पन्न त्या दोन पिशव्यांत होतं. सरळ गावी जायचं तर ऑफिसचा हुकूम आडवा आला: बीजाची पावती त्याच दिवशी बाराच्या आत दाखल करा, नाहीतर तलावाचा ठेका रद्द. पट्ट्यांत जागा नव्हती. तिनं ऑफिसच्या फाटकाला लागून मोपेड लावली, पिशव्यांवर ओलं पोतं टाकलं आणि आत गेली. शिक्का मारून घ्यायला दहा मिनिटं लागली. बाहेर आली तर मोपेड नाही.

ती धावतच माझ्याकडे आली. "भाऊ, गाडी नेली! बीज आहे तिच्यावर!"

मी दुकान तसंच उघडं टाकून तिच्यासोबत निघालो. उचललेल्या गाड्या चौकामागच्या बोळात, एका कुंपणाआड ठेवतात. तिथे ठेकेदाराचा माणूस राहुल खुर्ची टाकून बसला होता. आम्हाला बघून हसला. "टेन्शन मत लो दीदी. मछली का दम घुट रहा था. मैंने दोनों थैली का मुँह खोल दिया."

रुख्माबाई मोपेडकडे धावली. फुगलेल्या पिशव्या लुळ्या पडल्या होत्या आणि पिल्लं वर येऊन तोंड उघडझाप करत होती.

"काऊन खोललास रे बाबू? तिच्यात ऑक्सिजन भरला होता!"

पोराला खरंच कळलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. पण गाडी सोड म्हटलं तर हात वर. पावतीशिवाय गाडी सुटत नाही, पावतीपुस्तक साहेबाच्या कपाटात आणि साहेब जेवायला गेलेला. मी माझ्या खिशातले पाचशे काढून दिले, तर घेईना. मी ऑटोवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "त्या बोळात का चौकात, आलो का माहीबी गाडी आत घेतेत." पैसे घ्यायला माणूस नाही आणि गाडी न्यायला परवानगी नाही! याला कायदा म्हणायचं?

रुख्माबाईनं कोणाशी वाद घातला नाही. शेजारच्या हॉटेलातून मोठं पातेलं आणवलं, दोन्ही पिशव्या त्यात रिकाम्या केल्या, मांडी घातली आणि तळहातानं पाणी थापायला लागली. उडवायचं आणि पाडायचं, उडवायचं आणि पाडायचं. दहा मिनिटांनी मी म्हणालो, "सरका, मी करतो." माझा हात पाच मिनिटांत भरून आला. तिनं परत हात घातला. राहुलही उकिडवा बसून थापायला लागला. पहिला तास गेला, दुसरा गेला. तिच्या तळहाताची कातडी पांढरी पडून सुरकुतली. पांढरी पोटं वर आली की ती डाव्या हातानं काढून बाजूला ठेवायची, उजवा थांबत नव्हता.

साहेब सव्वादोन वाजता आले. "काय तमाशा लावलाय?" म्हणाले. मेलेल्या पिल्लांचा ढीग त्यांच्या बुटाजवळच होता. त्यांनी तो ओलांडला आणि पावती फाडली.

निम्म्याहून जास्त पिल्लं गेली होती. उरलेली तिनं परत पिशव्यांत भरली, फुंकून हवा घातली आणि तोंडं बांधली. "पानी हलत कसं राहील?" मी विचारलं.

"रस्त्यात खड्डे का कमी आहेत?" म्हणाली आणि मोपेडला किक मारली.

चार दिवसांनी ती परत आली. हातात ऑफिसची फाइल होती. गाड्या उचलायचा हा नियम कोणी काढला त्याचा कागद तिनं मागितला होता, आणि तिथल्या कारकुनानं झेरॉक्स काढून आण म्हणून फाइलच हातात दिली होती. वर ऑफिसचा ठराव होता. त्याखाली व्यापाऱ्यांचा अर्ज: 'खेड्यावरून येणाऱ्या दुचाकींमुळे दुकानांसमोर अडचण होते. कडक कारवाई करावी.'

तो अर्ज मी ओळखला. दोन वर्षांपूर्वी चहा पिता पिता, नीट न वाचता मी त्यावर सही केली होती. माझ्याच मशीनवर माझी सही उमटून बाहेर आली. कागद लपवावा असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण ती बघत होती.

तिनं बोट ठेवून अर्ज वाचला. "पयली सही तुमची आहे, भाऊ."

"हो."

मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं दोन्ही कागद सरळ घडी करून पिशवीत ठेवले.

"पुढच्या साली मी बीज आननारच आहे," ती म्हणाली. "गाडी कुठी लावू, थेवढं सांगा."

तिनं चौकभर नजर फिरवली आणि ती नजर माझ्या शेडवर येऊन थांबली. शेड मीच रस्त्याच्या जागेवर काढलेलं आहे. तिथे सहा दुचाक्या सहज मावतील.