वायरमनमामांचे बोट

जेवताना कोणी काही विचारले, की वायरमनमामा डाव्या हाताचे बोट वर करीत. थांब, तोंडात घास आहे. घास गिळल्यावरच बोट खाली येई आणि उत्तर मिळे. लोहा गावात विजेच्या खांबांवर उमर घालवलेला हा माणूस म्हणे, "खांबावर अन् ताटावर बडबड करायची न्हाई. दोन्हीकडं जीव जातो." वडील गेल्यावर मला याच मामांनी वाढवले.

त्यांना तंबाखूचा भारी नाद होता. मामीने शेवटच्या आजारात शपथ घातली, तेव्हा त्यांनी तंबाखू सोडली.

पुढे मामांची स्मृती जाऊ लागली. मी त्यांना नांदेडला माझ्या घरी आणले. ते माझे नाव विसरले. बोट मात्र विसरले नाहीत, याचे आम्हाला कौतुकच वाटे. हळूहळू बोट फार वेळ वर राहू लागले. जेवण तासभर चाले. पाणी पिताना ठसका लागे आणि माझी पत्नी पाठ चोळत म्हणे, "मामा, लोह्यात कोण एवढी आठवण काढून राहिलंय हो तुमची?" मामा हसत. ते हसणे घशात पाणी अडल्यासारखे ओले येई. आम्हीही हसत असू.

एका दुपारी ते गॅलरीत बसले होते. जेवण होऊन दोन तास झाले होते आणि गाल फुगलेला होता.

"मामा, तंबाखू? मामीची शपथ मोडली?"

त्यांनी बोट वर केले.

"बोट काय दाखवता? थुंका आधी!"

माझ्या तळहातावर पडला तो दुपारचा वरणभात. गिळायचे कसे, हेच त्यांना उमगत नव्हते. आणि तेवढेच ते मला त्यांच्या रीतीने सांगत होते.

त्याच आठवड्यात ताप आला, छाती भरली; घास-पाणी फुप्फुसात उतरले होते. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले : जेवायला वेळ लागतो? पाण्याने ठसका लागतो? आवाज ओला येतो? घास गालात राहतो? प्रत्येक प्रश्नाला मी 'हो' म्हणालो. "मग आधी का नाही आणलंत?" मामांची सवय कुठे संपली आणि आजार कुठे सुरू झाला, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

घरी आणल्यावर मी त्यांना ताठ बसवून मऊ, लहान घास भरवू लागलो. बोट खाली आल्याशिवाय दुसरा घास देत नसे. एकदा त्यांचे तोंड पुसून झाल्यावर मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी माझं चुकलं."

त्यांनी बोट वर केले. तोंडात तर काहीच नव्हते. मी वाट पाहत बसलो. बोट खाली आले, ते त्यांचा डोळा लागल्यावर.

महिन्याभरात मामा गेले. ते बोट 'थांब' म्हणत होते की 'जाऊ दे', मला कळले नाही. मी अजून थांबलोच आहे.