मायचा प्रश्न वर गेला तेव्हा

“बाई, विटांच्या पलीकडं व्हय. तिथूनच बोल.”

मुन्शीनं हातातल्या टाकानं जागा दाखवली. वकिलाच्या अंगणात विटांची एक रांग होती. तिरप्या पुरलेल्या, चुना मारलेल्या. माय तिच्या आत एक पाऊल आली होती. तिनं ते पाऊल मागं घेतलं. घेताना तळवा झटकला. त्या अंगणाची माती पायाला लागून गेली असती तर चोरीचा आळ आला असता, असा झटकला.

मी तिच्या मागं उभी होते. सातवी पास झालेली. तोंडात शब्द खूप होते, पण तोंड बंद होतं.

वर ओटा होता. ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर माणसं, त्यांच्यापुढं वकिलांची खुर्ची. बाजाराच्या दिवशी वाशिमला आलेली खेड्यापाड्यातली माणसं बैल झाडाखाली बांधून, माल विकून, मग या ओट्यावर यायची. ज्याला जे अडलं ते विचारायची. त्या दिवशी वकील फुकट सल्ला देत. त्यांचं तालुक्यात मोठं नाव. अंगात खादी, आवाज मऊ. आमच्या शाळेत येऊन त्यांनी अस्पृश्यता गेली पाहिजे असं भाषण केलं होतं. मी दाराजवळच्या माझ्या जागेवर बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

ओट्यावरचे लोक वकिलांना विचारत. विटांपलीकडचे मुन्शीला विचारत. मुन्शी पायऱ्या चढून प्रश्न वर नेई आणि उत्तर खाली आणी. ही तिथली पद्धत. ती कुणी सांगावी लागत नव्हती. आमचे म्हातारे तिला अदब म्हणत.

माय काय विचारायला आली होती, ते सांगते.

आमचं गाव मालेगावच्या वाटेवर. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीला विहीर नव्हती. नाल्यात झिरा खोदायचा, वाटीवाटीनं पाणी भरायचं. त्या उन्हाळ्यात झिरा आटला. गावात तालुक्याच्या जनपद सभेनं बांधलेली विहीर होती. तिच्या बांधकामाचे दगड मायनंच डोक्यावर वाहिले होते. तिथं माय घागर घेऊन गेली. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत. घागर वर आली आणि पाटलाच्या पुतण्यानं ती काठीनं फोडली. मग त्याच ओल्या दोरानं मायला मारलं. पाठीवर, दंडावर. ओला दोर कसा लागतो, ते मी मायची पाठ शेकताना पाहिलं.

संध्याकाळी गाव बसलं. गावानं ठरवलं, विहीर बाटली. मायनं पंधरा दिवसांच्या आत विहिरीच्या काठावर नारळ ठेवून, डोकं टेकून माफी मागायची. नाही मागितली तर वस्तीतल्या कुणाला निंदणाला, वेचणीला बोलवायचं नाही.

वस्ती म्हणाली, टेक डोकं. डोकं टेकल्यानं डोकं जात नाही.

माय म्हणाली, “टेकीन. पन आदी वकिलाले इचारीन.”

आमच्या लोकांत वकिलाचा शब्द म्हणजे कायदा. वकील आणि कायदा वेगळे असतात हे कुणाला ठाऊकच नव्हतं. मलाही नव्हतं. आणि मी तर पत्रकांवर वाढलेली. माझा मामा रेल्वेच्या गँगमध्ये होता, तो अकोल्याहून चळवळीची पत्रकं आणायचा. माय ती पिठाच्या खळीनं चुलीमागच्या भिंतीवर चिकटवायची, पोपडे पडू नयेत म्हणून. त्यांवरच मी अक्षरं शिकले. धूर बसून काळी पडलेली वाक्यं मला पाठ होती. त्यातलंच एक होतं, नवा कायदा आला आहे. कुठे आला, ते भिंत सांगत नव्हती.

गावापासून वाशिमपर्यंत मायनं प्रश्न घोकला. आधी तो लांब होता. त्यात झिरा होता, वाहिलेले दगड होते, दोर होता, माझा मेलेला बाप होता. चालता चालता ती एकेक टाकत गेली.

“लांबन लावली त मोठी मानसं आयकत नाईत,” ती म्हणाली.

वाशिमच्या वेशीशी आलो तेव्हा प्रश्न एवढाच उरला होता: “इहीर सरकारी हाय का पाटलाची?”

“बराबर हाय ना वो?” मायनं मला विचारलं. मी मान हलवली.

तोच प्रश्न तिनं विटांपलीकडून मुन्शीला सांगितला. शब्दन् शब्द. पदर दंडावर ओढून, वळ झाकून. मुन्शीनं गावाचं नाव विचारलं; बाटलेल्या विहिरीची आणि माफीची बातमी बाजारातून त्याच्याकडं आधीच पोचली होती. त्यानं कान खाजवला आणि म्हणाला, “थांब. वरच्याईचं होऊ दे.”

आम्ही उन्हात थांबलो. वरच्यांचं चाललं होतं.

एक कुणबी काका मांडी घालून बसले होते. त्यांनी विचारलं, “सायेब, आंबा माया धुऱ्याच्या बांधावर. फांदी शेजाऱ्याच्या वावरात. आंबे कोनाचे?”

“झाड कुणी लावलं?”

“आज्यानं.”

“कागद आहे?”

“आंब्याचा कायचा कागद, सायेब? आज्यानं कोय पुरली अन् मुतला तिच्यावर. आता साक्षीले आज्याले उठवू काय?”

ओटा हसला. वकील हसले. मायसुद्धा पदराआड हसली. मला ते अजून आठवतं. ती हसली, कारण ते काका साधेच होते, आमच्यासारखेच बोलत होते. फक्त ते बसून बोलत होते.

वकिलांनी त्यांना नीट समजावलं. मग एक कारंज्याचा व्यापारी होता, त्याचा भाडेकरू निघत नव्हता. मग एक बाई. ती पायरीच्या कडेला बसली होती, तिच्या नवऱ्यानं दुसरी आणली होती. वकिलांनी तिलाही विचारलं, लग्न कधी झालं, लेकरं किती. प्रत्येकाच्या उत्तरात तीच दोन वाक्यं फिरून येत. कागद आहे का, साक्षीदार कोण. पण उत्तर देताना ते त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत. मी तेच बघत होते. ते तोंडाकडे पाहतात.

मग मुन्शी वर गेला.

अंगण लहान होतं. मला सगळं ऐकू येत होतं. मुन्शी म्हणाला, “सायेब, खालची बाई हाय. हिनं गावची इहीर बाटवली. गावानं माफी माग म्हून सांगतलं. कशी मागाव, इचारून राह्यली.”

वकील अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. “गावाशी भांडून राहणार कुठं? माफी मागून मोकळी हो म्हणावं.”

मुन्शी खाली आला. विटांच्या अलीकडंच थांबला. “सायेब म्हनतात, कायद्यानं माफी मागाव लागते.”

मायनं हात जोडले. “बरं जी.”

आणि वळली.

एवढ्यासाठी आलो होतो. वाटभर घासून घासून लहान केलेला प्रश्न. तो वर पोचलाच नाही. त्याच्या जागी कुणा गुन्हेगाराचा प्रश्न पोचला. आणि खाली आलेलं उत्तरही वरून निघालेलं नव्हतं. मुन्शी दुष्ट नव्हता, हे आज कळतं. त्याच्या डोक्यात आमची बाई काय विचारेल हे आधीच लिहिलेलं होतं. माफीच विचारणार. दुसरं काय विचारणार?

“माय,” मी म्हटलं, “तू हे इचारलं नोतं.”

“चाल.”

“तू हे नोतंच इचारलं.”

“चाल ना वो पोरी. कायदाच हाय म्हने.”

तिनं माझा दंड धरला. दोराचे वळ असलेल्या हातानं धरला. मी तो सोडवला. विटा ओलांडल्या. मुन्शी “ए, ए” करत राहिला. मी पायऱ्या चढले.   कुणबी काकांनी धोतराचा सोगा आत ओढला. मघा ज्यांच्या बोलण्यावर माय हसली होती, त्याच काकांनी.

मी म्हटलं, “साहेब, माझ्या मायनं विचारलं होतं, विहीर सरकारी आहे का पाटलाची?”

भिंतीवरची भाषा तोंडात आली. पत्रकातली, छापील.  वकिलांनी अडकित्ता खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे.

“शिकलेली दिसतेस.”

“विहीर जनपद सभेची आहे. मायला दोरानं मारलं.”

 भाषणातल्या त्याच मऊ आवाजात वकील म्हणाले, “विहीर सार्वजनिक आहे. तुम्हाला पाण्याला मज्जाव करता येत नाही. केला तर नव्या कायद्यानं तो गुन्हा आहे.”

एवढंच. इतकं सोपं होतं. उत्तर त्या खुर्चीत सकाळपासून बसलेलं होतं.

“मग मघाशी माफी मागा काहून म्हटलं?”

“हे मला कोणी विचारलंच नाही.”

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. खरंच म्हटलं. त्यांना वाटलं, यात त्यांचा काही दोष नाही. आंब्याला त्यांनी दहा प्रश्न विचारले होते. विटांपलीकडे उभ्या बाईला एकही विचारला नव्हता, आणि म्हणत होते, मला कोणी विचारलं नाही.

मग त्यांनीच विचारलं, “साक्षीदार कोण आहे?”

मी खाली पाहिलं. माय विटांपलीकडून ओरडली, “पाह्यनारे समदे मारनाऱ्यायचेच होते जी!”

“मग केस उभी राहणं कठीण. मी पाटलांना निरोप देतो. आपसात मिटवा. पोर हुशार आहे, पुढं शिकवा हिला.”

मी खाली उतरले. आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा मागं पाणी सांडल्याचा आवाज आला. मुन्शी पायऱ्या धूत होता. बादलीभर पाणी. पायऱ्यांवरून उतरून विटांच्या रांगेला अडलं, आणि तिथंच मुरलं. वकील खुर्चीतच होते. बघत होते. बोलले नाहीत. त्यांचं भाषण मला आठवलं. वाजवलेल्या टाळ्या हाताला चुरचुरल्या.

माय ते पाणी पाहत उभी राहिली. घागरभर पाण्यासाठी तिची पाठ सोलली होती. माझ्या पावलांसाठी बादली ओतली जात होती.

परतीच्या वाटेवर ती माझ्यापुढं भराभर चालत होती. मला वाटलं, रागावली. नाल्याशी आल्यावर म्हणाली, “साक्षीदार पायजे म्हने.”

“हो.”

“मी एकटीच गेलती, थेच चुकलं. साक्षीदार घेऊन जाव लागत होतं.”

माफीसाठी नारळ आणलेला होता. घरात देव्हाऱ्यापुढं ठेवला होता. मायनं तो फोडला आणि वस्तीतल्या लेकरांना वाटला. सगळ्यांना दिसेल असा, दारात बसून. मग घरोघर गेली. शेजारची सगुणामावशी म्हणाली, “तुले मारलं त एकीले मारलं. समद्या गेलो त समद्याईले मारतीन.”

माय म्हणाली, “हो. तवाच त साक्षीदार व्हतीन.”

बाया हसल्या. भ्यालेल्या हसण्यानं हसल्या. पण सकाळी निघाल्या. आपापल्या घागरी घेऊन. पाणी काढलं. मार खाल्ला. सगुणामावशीच्या कपाळातून रक्त आलं. घागरींच्या खापऱ्या विहिरीभोवती पसरल्या. आणि तशाच, ओल्या लुगड्यांनी, आम्ही ठाण्यावर गेलो.

हवालदार वैतागला. “इतक्या जणी एकदम काय कलकलता? एकीनं बोला.” त्याची नजर माझ्यावर आली. “ए पोरी, तू शिकलेली दिसते. तूच सांग साऱ्याईचं.”

बायांनी माझ्याकडे पाहिलं. मायनं पाहिलं. त्या एका क्षणात मला सगळं दिलं जात होतं. तोंड, मान, पायरी. मी सांगितलं असतं तर छान सांगितलं असतं. छापील भाषेत सांगितलं असतं. झिरा गाळला असता, वाहिलेले दगड गाळले असते. लांबण मोठी माणसं ऐकत नाहीत म्हणून.

मी म्हटलं, “मी कोणाची मुन्शी नाही. ज्याचं त्यानं सांगायचं.”

“सकाळ होईन उद्याची.”

“होऊ द्या.”

माय पुढं झाली. हवालदाराच्या मेजाला हात टेकून उभी राहिली. तिनं झिऱ्यापासून सुरुवात केली. एकही शब्द टाकला नाही.

खटला उभा राहिला. निकाल अजून नाही. तारखा पडतात. आम्ही पायी जातो, पायी येतो. गावानं त्या हंगामात कुणालाच कामाला बोलावलं नाही. सगुणामावशीचं घर उठलं, ते सरकी काढायला कारंज्याकडं गेले, परत आले नाहीत. हे सगळं मी लपवत नाही. जिंकलो असं लिहून टाळ्या घ्यायच्या नाहीत. टाळ्यांची मला चीड आहे.

आता मीही पत्रकं लिहिते. लोक येऊन म्हणतात, बाई, आमच्या वतीनं लिही. आमच्या वतीनं विचार. मी नाही म्हणते. कागद देते, शेजारी बसते, अक्षर अडलं तर सांगते. प्रश्न त्यांच्याच तोंडून निघेल, कितीही लांब असला तरी. ऐकणाऱ्यानं तेवढा वेळ बसायचं. नसेल बसायचं तर आम्ही पायरी चढून त्याच्यासमोर उभं राहू.

आणि पायरी धुतली, तर धुतलेल्या पायरीवर पुन्हा चढू.