सव्वीस वेळा

उमेळे गावात मार्गारेट टीचरांना एकच गोष्ट दोनदा सांगायची हिंमत कुणी करत नसे. दुसऱ्यांदा सुरुवात केली की त्या चष्म्यावरून अशा काही बघत, की पहिल्यांदा तरी कशाला सांगितलं असं माणसाला व्हावं. एकतीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं, पण फळ्यावर एक ओळ दोनदा लिहिली नाही. खाली दोन बारक्या रेघा मारायच्या, की झालं. वरीलप्रमाणे.

नवरा मात्र नेमका उलट्या तऱ्हेचा मिळाला. आग्नेल केळीची वाडी करायचा आणि गावात कुठेही लितानी, म्हणजे एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी दर वेळी तेच उत्तर द्यायचं अशी प्रार्थना असली, क्रूसापाशी असो की मयताच्या घरी, लोकांचा प्रतिसाद आधी त्याच्या तोंडून निघायचा. तोही असा खणखणीत, की मागे डुलक्या घेणारी मंडळी दचकून सावरून बसत. एकच वाक्य पन्नास वेळा, आणि पन्नासाव्या वेळीही पहिल्याच उत्साहाने.

"तेच तेच बोलून कंटाळा कसा येत नाय रे तुला?" टीचर विचारायच्या.

"तू रोज भात खाते, तुला येतो कंटाळा?" तो हसून म्हणायचा.

गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटू लागला आणि आवाज गेला. त्याला ऐकू येतं, कळतं सगळं, पण शब्दांची बाहेर यायची वाट बुजली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. वाट उघडेल का, हे त्यांनी सांगितलं नाही. अकरा महिने झाले, आग्नेलच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

टीचरांनी त्याची सेवा करण्यात तसूभर कसूर केली नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली. जेवायला बसण्याआधी दिवसभरातल्या कुठल्या तरी एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, अशी त्यांच्या घरची रीत होती. ती बंद झाली. कशाचे आभार मानायचे? संध्याकाळची प्रार्थनाही आटली. डोळे मिटून त्या एवढंच म्हणत, "देवा, कालच्याप्रमाणे." काय हवं ते देवाला ठाऊक होतं. त्यांना आग्नेलचा आवाज हवा होता, दुसरं काही नको होतं.

त्यातच चर्चच्या धर्मग्रामाने अख्खं बायबल हाताने लिहून काढायचं ठरवलं. घरोघरी चिठ्ठ्या निघाल्या आणि टीचरांच्या वाट्याला एकशे छत्तिसावं स्तोत्र आलं. सव्वीस ओळी, आणि प्रत्येक ओळीचा शेवट एकच: त्याची दया कधी सरत नाही. देवालाही थट्टा सुचते म्हणायची! टीचरांनी पहिली ओळ पूर्ण लिहिली, पुढच्या पंचवीस ओळींच्या शेवटी दोन दोन रेघा मारल्या आणि कागद देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन ॲंजेला दारात हजर. लिखाणाची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती आणि ती टीचरांचीच विद्यार्थिनी. टीचरांची वही तपासायची संधी आयुष्यात मिळाली म्हणून बिचारीला हसू आवरत नव्हतं.

"टीचर, बायबलात डिट्टो चालत नाही हो."

"अर्थ तोच राहतो ना?"

"अर्थ तोच. पण तिथं दर वेळी पूर्ण सांगितलंय. आपण पण पूर्ण लिहायचं."

टीचरांनी कागद परत घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आग्नेलला खुर्चीत बसवून, त्या ओटीवर लिहायला बसल्या. शुद्धलेखन घालायची जन्माची सवय, त्यामुळे हात चालला की तोंडही चालायचं. पहिल्या चार ओळी त्यांनी रागारागानेच लिहिल्या. पाचवीत देवाने आकाश केलं. सहावी आली. त्याने पाण्यावर पृथ्वी अंथरली. त्याची दया कधी सरत नाही.

लेखणी थांबली. समोर वाडीतलं बावखल होतं. त्या छोट्या तळ्याचं पाणी सासऱ्यांच्या आधीपासून केळींना पुरत आलं होतं. पलीकडे सात मजली इमारत उभी राहिली, तरी ते आटलं नव्हतं. या गावात कुठेही खणा, पाणी लागतं. म्हणजे लग्न होऊन आल्यापासून, चाळीस वर्षं, आपण पाण्यावर अंथरलेल्या जमिनीवर चालतो आहोत! हे त्यांना कुणी आज शिकवलं नव्हतं. ते रोज पायाखाली होतं.

पुढे त्या सावकाश लिहू लागल्या. सूर्य आला, चंद्र आला, तारे आले. समुद्र दुभंगला, माणसं कोरड्या पायांनी पार झाली. मोठमोठे राजे पडले. प्रत्येक अचाट गोष्टीनंतर तीच साधी ओळ, एका श्वासाची, पूर्ण. समुद्र दुभंगला म्हणून ती लांबत नव्हती, की नुसता दिवस उजाडला म्हणून आखूड होत नव्हती. या बाईने आयुष्यभर जिला दोन रेघांत उडवलं होतं, ती ओळच सगळ्याचा भार पेलत होती. केवढं हे! त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

तेविसावी ओळ आली. आम्ही पार खाली पडलो होतो, तेव्हा त्याने आमची आठवण ठेवली. एवढं वाचून टीचरांनी चष्मा काढून पुसला. पुढचं तोंडातून निघेना.

आणि मागून आवाज आला. जाड, वाकडा, घोगरा.

"त्याची दया... कधी सरत नाय."

टीचर वळल्या. आग्नेलही दचकला होता. आपल्याच तोंडाकडे त्याने डावा हात नेला, कुणी दुसरंच बोललं की काय, ते चाचपून बघायला.

टीचरांनी पुढची ओळ वाचली. त्याने प्रतिसाद दिला. पंचविसावी वाचली, सव्विसावी वाचली. त्याने प्रतिसाद दिला. "आग्नेल, माझं नाव घे. पानी म्हन." त्याने जिवाचा आटापिटा केला, पण नुसता वारा निघाला. डॉक्टरांनी नंतर समजावलं, की गाणी, प्रार्थना असं जन्मभर घोकलेलं कधी कधी वेगळ्या वाटेने बाहेर पडतं. बाकीचे शब्द येतील किंवा येणारही नाहीत. ही एक ओळ आली होती आणि तीही कुणी तिच्याआधीचं वाक्य म्हटलं तरच यायची.

स्तोत्र पूर्ण लिहून झालं, कागद ॲंजेलाकडे पोचला. पण टीचरांची भूक भागेना. सव्वीस ओळी दिवसातून तीनदा वाचल्या तरी संपायच्या. मग त्या नव्या जोडू लागल्या. त्याने आज तुला चहा न ठसकता गिळू दिला. त्याने केळीला कोंब दिला. त्याने ॲंजेलाला नसता चोखंदळपणा दिला. दर वेळी तो घोगरा आवाज ओळ पूर्ण करायचा. आवाज ऐकायचा तर आभार शोधायला हवेत, म्हणून ही बाई घरभर, वाडीभर आभार शोधत फिरू लागली. आणि शोधायला लागल्यावर ते जिथं तिथं सापडू लागले. रात्री झोपताना त्यांना आपलंच नवल वाटे. एवढं सगळं रोज होत होतं?

एका दुपारी ताटं वाढून त्या बसल्या आणि आजची ओळ काय म्हणावी, याचा विचार करू लागल्या. तेवढ्यात आग्नेलने डावा हात उचलला. थांब, अशी खूण केली. मग त्याने बोट रोखलं, थेट टीचरांवर, आणि तो वाट बघत राहिला.

"काय पाहिजे? पानी?"

त्याने मान हलवली. नाही. बोट तसंच. डोळे भरलेले, आणि त्यात जुनं, प्रतिसादाची वाट पाहणारं हसू.

टीचरांना उमगायला जरा वेळ लागला. आज ओळ त्याची होती, आणि तिच्यात टीचर होत्या. शब्द नव्हते, म्हणून त्याने ती बोटाने म्हटली होती. प्रतिसाद त्यांनी द्यायचा होता.

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग पदर खाली केला आणि सगळी ओळ, एक अक्षर न गाळता, म्हणाल्या.