शिंप्याचा पहिला नंबर

टेलर मास्तरांना चौथीत भागाकाराने गाठलं आणि त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. पुढची तीस वर्षं त्यांनी लोकांच्या कमरा मोजल्या.

मग महामारी आली, शाळेला कुलूप लागलं आणि लेकीचा तिसरीचा वर्ग फोनवरून थेट दुकानात येऊन बसला. घरात फोन एकच, तो मास्तरांचा. ते मास्क शिवत, मशीनच्या दिव्याला फोन टेकवलेला आणि समोर लेक. बटणांच्या डब्यात खेळत वाढली म्हणून तिला सगळे बटणच म्हणत.

आठवडाभर बटण बसली. नंतर बाई फळ्याकडे वळल्या की ती डबा घेऊन पसार व्हायची. गैरहजेरी लागू नये म्हणून मास्तर बारीक आवाजात "हजर" म्हणू लागले. गृहपाठ कोरा बरा दिसत नाही, म्हणून तोही त्यांनीच लिहिला. वहीचा फोटो पाठवला की बाई चांदणी पाठवत. उभ्या जन्मात मास्तरांना कोणी चांदणी दिली नव्हती. गडी असा पेटला की जेवण बाजूला सारून भागाकार करू लागला.

"अहो, तिला करू द्या की," बायको म्हणाली.

"तिला समजावूनच सांगतोय," मास्तर म्हणाले. बटण तेव्हा आत झोपली होती.

दोन वर्षांत चाळीस चांदण्या जमल्या. बटणचा वर्गात पहिला नंबर आला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी जुना गणवेश काढला. वाढत्या पोरांच्या कपड्याला खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचं, हा त्यांचा शिरस्ता. ती घडी उसवली, फ्रॉक बरोबर बसला. खूश होऊन त्यांनी मापांची वही पुढे केली.

"वाच पाहू, तुझ्या नावापुढे काय लिहिलंय?"

बटणने वही पाहिली, मग बापाकडे पाहिलं. "तुम्हीच वाचा ना, बाबा. तुम्हाला येतं."

तेव्हा मास्तरांना कळलं. पोरीला एक ओळ धड वाचता येत नव्हती. उद्या बाई वाचन घेणार होत्या आणि नाही जमलं, तर मैत्रिणी पाचवीत आणि ही पुन्हा तिसरीत. ते स्वतःवरच चिडले.

सकाळी ते बाईंसमोर खाली मान घालून उभे राहिले. "बाई, तो पहिला नंबर माझा आहे."

"माहीत आहे," हजेरीपटातून मान वर न करता बाई म्हणाल्या. "'हजर' म्हणताना तुमची मशीन थांबायची. या वर्गात नऊ आया, चार आजोबा आणि एक दूधवाला पास झालाय. घरातलं कोणीतरी शिकतंय, म्हणून मी गप्प बसले. त्यात तुम्ही सगळ्यांत हुशार."

मास्तरांना आतून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"मग तिला खालच्या वर्गात बसवणार?"

"फ्रॉक नवा शिवलात?"

"नाही. आतली घडी सोडली."

"मलाही तेच करू द्या. ती पाचवीतच बसेल, फक्त रोज शाळा सुटल्यावर तासभर तिला माझ्याकडे थांबू द्या. आणि तुम्ही वहीला हात लावायचा नाही."

ते तीन महिने मास्तरांना फार जड गेले. बटण गणितापाशी अडली की ते ओठ घट्ट मिटत आणि कापड नसतानाच मशीन चालवत. शेवटी एका संध्याकाळी तिने पान आणून दाखवलं. दहापैकी सहा भागाकार चुकलेले, खाली एक चांदणी.

मास्तरांनी ते पान दुकानात सगळ्यांना दिसेल असं टाचणीने लावलं.

"मास्तर, यात सहा चुका आहेत," एक गिऱ्हाईक म्हणालं.

"हो," मास्तर म्हणाले. "सगळ्या तिच्या स्वतःच्या."