फाटलेल्या जागी बोट

शांतवनमामा फाटकं पोतं शिवायला घेतलं की दाभणात सुतळी ववायच्या आधी त्या फाटलेल्या जागी हात घालायचे. डोळे मिटून आत बोटं फिरवायचे, वैद्यानं नाडी बघावी तसं. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आमी हमाल पोत्यासाठी ताटकळत उभे, आन हे डोळे मिटून बसलेले. मी म्हनायचो, "मामा, आत तूर हाय. सोनं न्हाई."

"याकोबा, फाटलंय कुठवर ते बोटाला कळल्याबिगर टाका धरत न्हाई. शंका घेणाऱ्या थोमाला येशूनं काय म्हनलं? माझ्या जखमेत हात घाल म्हनलं. पट्टी बांधून आला न्हवता तो."

असे मामा. चहात माशी पडली तरी त्यांना त्यात शुभवर्तमान दिसायचं. मला माशी दिसायची. मी शाळेत गेलो ते भावाचा डबा द्यायला, तोबी वाटंत अर्धा खाल्लेला. पर तोंड लई चालायचं. मोंढ्यात पाठीवर ओझं आन तोंडात मस्करी, ही माझी कमाई.

मामा आमच्या चर्चच्या मंडळीतले वडील, म्हंजे मानाचे पुढारी. उत्तम शुक्रवाराच्या, म्हंजे गुड फ्रायडेच्या, आदल्या सांजला चर्चमधी पाय धुण्याचा विधी असतो. येशूनं शिष्यांचे धुतले, तसे. पाळकसाहेबांचे गुडघे धरलेले, म्हणून खाली बसायचं काम मामाकडं. एका वर्षी पाय धुऊन घ्यायच्या बारा जणांत माझं नाव आलं. माझे पाय म्हंजे उन्हाळ्यातलं तळं, नुसत्या भेगा. मी घरी बायकोचा वासाचा साबण घेतला, विटकरीनं टाचा घासल्या, रगत निघंस्तवर. चर्चमधी परातीत पाय ठेवला. मामानं वास घेतला.

"याकोबा, लग्नाला निघालास का?"

"न्हाई मामा. तुमाला घाण नको म्हनून…"

"आरं, धुऊनच आलास तर मी काय धुऊ?"

सगळं चर्च हासलं. मी दुसऱ्याला हासवायचो, माझ्यावर कुणी हासलं की मला झोंबायचं. ते मी मनात ठिवलं.

पुढं पावसाळ्यात मामा उजव्या पायानं लंगडायला लागले. मला आयतंच सापडलं. खाजाभाईच्या चहाच्या गाड्यापाशी मी एक पाय फरफटत, कंबर वाकडी करून चाललो, वरून मामाचा आवाज काढला, "बोटाला कळू दे रं याकोबा!" हमाल पोट धरून हासले. मागं बगतो तर मामा उभे. तेबी हासले. म्हनले, "बरं जमलं. पर पाय जरा आजून ओढ."

दुसऱ्या दिवशी मामा बूट घालून आले. जल्मात पायात चप्पल सोडून काई न्हवतं ह्या माणसाच्या. आन चालले सरळ! मी छाती फुगवून सांगत सुटलो, "बगा, डागदरला जमलं न्हाई ते माझ्या नकलंनं केलं. लंगडणं बंद!" मामा दात आवळून चालायले हायेत, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. मी रोज इचारायचो, "काय मामा, फीस कवा देताव?" ते नुसते हासायचे.

मग एक दिवस त्यांच्या बारदान्यापाशी वास यायला लागला. मी म्हनलं उंदीर मेलाय. पोती उलथीपालथी केली, उंदराच्या नावानं रडून दाखवलं, गर्दी जमवली. खाजाभाई चहा ठिवून आला. मामाच्या बुटाकडं बघून माझ्यावर वरडला, "बस कर तेरा तमाशा! बुढ्ढे के पाँव से आ रई बू!"

बूट काढला. मोजा कातड्याला चिकटलेला. मामाला साखर होती, पायाला ठेच लागलेली, तिचं हे झालेलं.

मी बूट हातात धरून खाली बसलो. कसंबसं म्हनलं, "मामा, झाकलंव कशाला? दुसऱ्याच्या पोत्यात तर पयला हात घालताव."

मामा मान खाली घालून म्हनले, "लाज वाटली गड्या. लोकाच्या फाटक्यात हात घालायला सोपं असतं. आपलं दाखवायला न्हाई."

लाज कुणी लावली, ते बोलले न्हाईत. मला ठावं होतं.

लातूरला नेलं. पाय घोट्याच्या वर कापला. बायबलातला याकोब देवाशी कुस्ती खेळून सोता लंगडा झाला. ह्या याकोबानं मामाला केलं. मी दवाखान्याच्या दारातच घुटमळत होतो, केळीची पिशवी घेऊन. त्यांना साखर, आन मी केळी आणली, म्हंजे बगा माझी अक्कल.

"आत ये की नकल्या," मामानं आवाज दिला.

मी आत गेलो, भिंतीकडं बघत. मामानं चादर सारली, माझा हात धरला आन कापलेल्या जागी, टाक्यांवर ठिवला. मी हात वढायलो, ते सोडंनात.

"राहू दे. बोटाला कळू दे. मग रड."

मग मी रडलो. मामा म्हनले, "केळी तूच खा आता. बाकी टाके बारीक घातलेत हां, माझ्या हातानं असे झाले नसते."

"मला माफ करा" हे मी म्हनलोच न्हाई. रोज मोंढ्यात हजार गोष्टी बोलणाऱ्या ह्या तोंडातून ते निघालं न्हाई. मामानं माफ केलं असंल, माणूसच तसा होता. पर मी मागितलं न्हाई, आन ह्या हिवाळ्यात ते गेले.

उद्या तो पाय धुण्याचा गुरुवार. परात ह्या वर्षी मला धरायला सांगितलीय. मी पाळकसाहेबांना म्हनलं, "साहेब, मी? मामाचा पाय माझ्यामुळं गेला." ते म्हनले, "मग तूच धर."

बायकोनं मघाशी साबण आन विटकर काढून ठिवली. मी परत आत ठिवून दिली. लोकाचे पाय धुणं सोपं हाय. म्हनून उद्या परातीला हात लावायच्या आधी सगळ्यांपुढं मामाच्या लंगडण्याची केलेली टवाळी सांगणार हाय मी, नक्कल न करता. लोक हासतील. हासू द्या. मी तोंड उघडलं की हासायचं, ही सवय मीच लावलीय त्यांना. ते थांबंस्तवर मी उभा राहीन.