भाऊजींची राहिलेली वाट

जिथे एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, जाते तिथे मुद्दाम पायी जाणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच झाला, आणि तो नेमका भाऊजी म्हणून माझ्या वाट्याला आला. माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा, नवरा. घर जुरोंग ईस्टला, बँकेतली नोकरी चांगी बिझनेस पार्कात. म्हणजे बेटाच्या एका टोकाला झोपायचं आणि दुसऱ्या टोकाला राबायचं. आठवडाभर गाडीत बसून पाय आखडतात, असं म्हणत रविवारी हा गृहस्थ उजाडायच्या आत खोबरेल तेल चोळून तयार! पाठीवर सॅक, सॅकमध्ये थालीपिठं, डोक्यावर ताईची जुनी फुलाफुलांची टोपी. "अहो, निदान टोपी तरी पुरुषाची घाला," असं ताई म्हणायची. "उन्हाला काय कळतंय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

या वेडाचं मूळ इंग्लंडात. लग्न झाल्यावर तेव्हाच्या कंपनीनं त्यांना दोन वर्षं तिकडे पाठवलं होतं. तिथे म्हणे लोक शेताच्या बांधाबांधानं मैलोन्मैल चालतात आणि शेवटी गावातल्या पबात जाऊन बसतात. ही गोष्ट भाऊजींच्या डोक्यात जी शिरली ती काही निघाली नाही. आता सिंगापुरात खेडं आणणार कुठून? पण जुनी रेल्वे बंद झाली, रूळ उचलले गेले आणि उत्तरेच्या क्रांजीपासून थेट दक्षिणेच्या तांजोंग पगारपर्यंत नुसती गवताची वाट उरली, तेव्हा भाऊजींना हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहिला. महिन्यातून एकदा ही वाट चालायची, आणि आम्हा पुंगोलवाल्यांनाही, म्हणजे मला आणि माझ्या नवऱ्याला, फरफटत न्यायचं. माकडं थालीपीठ पळवायची, चपला चिखलात रुतायच्या, आणि भाऊजी पुढे आपले "वा, काय गवत आहे!" करत चालले आहेत.

शेवटी पब. एक नाही, एकाच गल्लीतले तीन! आणि गंमत अशी की भाऊजी थेंबाला शिवत नसत. पहिल्या पबात लिंबाचं सरबत, दुसऱ्यात सोडा, तिसऱ्यात नुसते शेंगदाणे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो भाऊजी, सरबतच प्यायचं तर ताई घरी करून देईल की!" तर म्हणाले, "अगं, घरी तर रोजच पोचतो. जिथे आपली कुणी वाट बघत नाही, तरी दार उघडून आत घेतात, तिथे पोचण्यात खरी मजा." पहिल्या पबाची मालकीण एक चिनी आन्टी होती. फुलाफुलांची टोपी दारात दिसली रे दिसली की ती लिंबू कापायला घ्यायची आणि ओरडायची, "अंकल, वॉक फिनिश आ?" भाऊजी छाती काढून सांगायचे, "फिनिश!" बँकेत बढती मिळाली तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा इतका फुलला नव्हता.

त्यांचा एक नियम होता. जो शेवटपर्यंत चालला नाही, त्यानं पबात पाऊल टाकायचं नाही. माझ्या नवऱ्यानं एकदा टाचेला फोड आला म्हणून शेवटचे दोन थांबे बसनं उरकले. झालं! भाऊजींनी त्याला बाहेर फुटपाथवर बसवला. मात्र दर पाच मिनिटांनी स्वतःच बाहेर येऊन त्याच्या ओंजळीत शेंगदाणे घालून जात होते. "राग नाही ना रे? पण नियम म्हणजे नियम."

आम्हाला पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, पहिल्याच अर्जात मिळाला. भाऊजींना तीनदा नकार आला. आमच्याकडे जेवताना हा विषय निघाला की ताई वाढायचं निमित्त करून उठायची. भाऊजी मात्र हसून म्हणायचे, "हा देश मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायाखाली घातलाय. याहून कायमचा रहिवासी कसा असतो गं?"

मग बँकेनं त्यांचा विभागच बंद केला. नोकरीवर मिळालेल्या पासची मुदत संपत आली, दुसरी नोकरी मिळेना, आणि पुण्याला जायचं ठरलं. सामानाचे खोके भरून झाले. जायच्या आधीच्या रविवारी भाऊजी म्हणाले, "एकदा पूर्ण चालून घेतो. मग खुशाल जातो." गुडघा आधीच सुजला होता. ताई रागावली, रडली, आणि शेवटी स्वतःच त्यांच्या गुडघ्याला पट्टी बांधून चालायला आली. कधी न येणारी भाचीसुद्धा आली. निम्म्याहून जास्त वाट भाऊजी जिद्दीनं चालले. शेवटचे दोन-तीन किलोमीटर उरले असताना, मोठ्या रस्त्याच्या पुलाखाली, गुडघ्यानं दगा दिला. उठायचा प्रयत्न करायचे आणि पुन्हा खाली बसायचे. भाची इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "पपा, टॅक्सी घेऊ या लाह! नोबडी विल नो." भाऊजी म्हणाले, "अगं, पण नियम मीच केलाय ना?"

टॅक्सी करावीच लागली. भाऊजींना तेवढं आन्टीला भेटून जायचं होतं, म्हणून त्या गल्लीत गेलो. पण आत जाईनात. फुटपाथवर बसले. मग आम्हीही बसलो, सगळे टॅक्सीनंच तर आलो होतो. टोपी पाहून आन्टी दारात आली. "अंकल, वॉक फिनिश आ?" भाऊजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "नो, आन्टी. नॉट फिनिश." ती आत गेली आणि सरबताचा ग्लास बाहेर घेऊन आली. भाऊजी म्हणाले, "पुढच्या वेळी."

पुण्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फोनवर अजून म्हणतात, "पुलापुढची वाट माझ्यासाठी ठेवा हं." दर वर्षी येतो म्हणतात, दर वर्षी काहीतरी आडवं येतं. खूप वाईट वाटतं, काय सांगू! आम्ही दोघं कधी कधी क्रांजीहून निघतो. पुलाखाली आलो की माझा नवरा माझ्याकडे बघतो, आणि आम्ही एमआरटीकडे वळतो. सरकारनं आम्हाला कायमचं म्हटलंय खरं. पण भाऊजींच्या नियमानं त्या पबात बसायचा हक्क आता आम्हालाही नाही.